तुटलेला टॅप ठिणगीने काढताना: फक्त गाभा जाळा, आटे वाचवा

तुमची अडचण मला समजली ती अशी. बिडाच्या हाउसिंगमध्ये एम ६ चा (६ मिलिमीटरचे आटे पाडणारा), एचएसएसचा म्हणजे हाय-स्पीड स्टील या कडक पोलादाचा हँड टॅप तुटला आहे. तुटलेलं तोंड पृष्ठभागाच्या ३ मिलिमीटर खाली आहे, ११ मिलिमीटरचा तुकडा आत आहे आणि भोक आरपार नाही. पंचने ठोकून झालं, तुकडा हलत नाही. कारच्या बॅटरीला तांब्याची तार जोडून पाहिली, तर ठिणगी पडली आणि तार चिकटली. आता जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर, काही बल्ब आणि ड्रिल मशीन जमवून घरगुती ईडीएम (ठिणग्यांनी धातू जाळून काढणारं यंत्र) बनवायचं तुम्ही ठरवलं आहे आणि किती पॉवर लागेल, असं विचारता आहात.

पॉवरचा प्रश्न नंतर घेऊ. आधी एक विनंती: मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवा. त्याच्या सेकंडरीवर, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या वाइंडिंगवर, २,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि त्या वाइंडिंगचं एक टोक थेट ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याला जोडलेलं असतं. एकदा हात लागला तर हात मागे घ्यायचीही सवड मिळत नाही. या कामाला एवढा दाब लागतच नाही.

आता खरा प्रश्न. टॅप काढायचा म्हणजे टॅप संपूर्ण जाळायचा असं बहुतेक जण धरून चालतात, आणि तिथूनच मोठ्या पॉवरच्या मागे लागतात. टॅपची रचना आठवा. मधे एक गाभा, त्याला चिकटलेल्या तीन किंवा चार दातेरी पट्ट्या आणि पट्ट्यांच्या मधून जाणाऱ्या खाचा, म्हणजे फ्लूट. या पट्ट्यांना एकत्र धरून ठेवतो तो फक्त गाभा. गाभा गेला की पट्ट्या सुट्या होतात आणि सुईने उचलता येतात. म्हणून आपल्याला एकच काम करायचं आहे: आट्यांना धक्का न लावता गाभा पोखरायचा. हिशोब करून पाहा. ३.२ मिलिमीटर व्यासाचं आणि ११ मिलिमीटर खोल भोक म्हणजे जवळपास ९० घन मिलिमीटर धातू. ५ मिलिमीटरचं पूर्ण भोक मोकळं करायचं तर २१६. जवळपास अडीच पट काम, आणि ते करताना ठिणग्या थेट आट्यांवर पडणार ते वेगळंच.

तुमच्याकडे तुटलेल्या टॅपचा वरचा अर्धा भाग आहे, तो फेकू नका. त्याचं तुटलेलं तोंड भिंगाखाली धरा आणि समोरासमोरच्या फ्लूटच्या तळांमधलं अंतर कॅलिपरने घ्या. एम ६ ला ते बहुधा अडीच-पावणेतीन मिलिमीटर भरतं. तीन फ्लूटचा असेल तर तळापासून केंद्रापर्यंत अंदाज घेऊन दुप्पट करा. ठिणगी पाडणारी दांडी, म्हणजे इलेक्ट्रोड, या मापापेक्षा किंचित मोठी आणि आट्यांच्या आतल्या व्यासापेक्षा चांगली लहान हवी. तुमच्यासाठी ३ मिलिमीटर. ठिणगी दांडीच्या बाजूनेही थोडं खाते, त्यामुळे प्रत्यक्ष भोक ३.२ ते ३.३ चं पडेल. आट्यांचा आतला व्यास साधारण ५ आहे. दोन्ही बाजूंना पाऊण मिलिमीटरहून थोडी जास्त जागा उरते, आणि तीच तुमच्या चुकांची जागा आहे.

घरी करायचं की नाही, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. जॉब, म्हणजे टॅप अडकलेला भाग, ॲल्युमिनिअमचा किंवा पितळेचा असता तर मी आधी तुरटी सांगितली असती. गरम, दाट द्रावणात जॉब बुडवून ठेवला की पोलाद हळूहळू विरघळतं आणि ॲल्युमिनिअम-पितळ जवळजवळ तसंच राहतं. वेळ भरपूर लागतो, पण यंत्र लागत नाही. बिडाला हा उपाय चालत नाही, जॉबच खाल्ला जाईल. सॉलिड कार्बाइडचा टॅप असता तर तो ठिसूळ असल्यामुळे पंचने तुकडे करून निघण्याची शक्यता बरी होती. जॉब टाकीत मावतो का, भोकात सरळ उतरता येतं का, हेही पाहावं लागतं. आणि जॉब फार मोलाचा असेल, आयुष्यात एकदाच हे करायचं असेल, तर स्पार्क मशीन असलेल्या कारखान्यात टॅप जाळून घेणं शहाणपणाचं. माझ्याकडे वर्षातून दहा-बारा असे जॉब येतात, म्हणून मी यंत्र बनवलं आणि सुधारत गेलो. पुढचं सगळं त्याच यंत्रावरून सांगतो आहे.

आधी तुमची तार का चिकटली ते पाहू. दांडी आणि जॉब यांच्या मधल्या फटीत ठिणगी पेटली की ती टिकायला २० ते २५ व्होल्ट लागतातच. १२ व्होल्टवर तुम्हाला दिसली ती टेकवलेली तार उचलतानाची ठिणगी. तिच्यामागे बॅटरीचा अमर्याद करंट होता, म्हणून वितळलेलं टोक जागेवर वेल्ड झालं. ईडीएममध्ये दांडी टेकायचीच नसते. मधली फट दोन ते पाच शतांश मिलिमीटरची, ती वीज वाहून न नेणाऱ्या द्रवाने भरलेली. दाब पुरेसा चढला की द्रव त्या बिंदूपाशी फुटतो, ठिणगी पडते, धातूचा सूक्ष्म थेंब वितळून उडतो आणि ठिणगी लगेच विझते. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा घडतं. कडकपणाचा यात काही संबंध नाही, धातू वितळला की झालं. म्हणून फाइलला दाद न देणारा एचएसएस इथे निमूटपणे जातो.

हे सर्किट नवं नाही. सोव्हिएत संघात लाझारेन्को दांपत्य विद्युत संपर्कबिंदू ठिणग्यांनी का झिजतात याचा अभ्यास करत होतं. ती झीज थांबवण्याच्या शोधात असताना तिलाच कामाला लावावं हे त्यांना सुचलं, आणि १९४३ मध्ये रेझिस्टर-कॅपॅसिटरचं साधं सर्किट पुढे आलं. त्याच दशकात अमेरिकेतही ॲल्युमिनिअमच्या कास्टिंगमध्ये तुटलेले टॅप आणि ड्रिल काढण्यासाठी ठिणगीची यंत्रं बनवली गेली. म्हणजे ही विद्या जन्माला आली तेव्हापासून तुमचीच अडचण सोडवते आहे.

माझं सर्किट असं आहे. ५० व्होल्ट सेकंडरीचा, दोन्ही वाइंडिंग एकमेकांपासून पूर्ण अलग असलेला ट्रान्सफॉर्मर. त्यापुढे ब्रिज रेक्टिफायर आणि फिल्टर कॅपॅसिटर, म्हणजे साधारण ७० व्होल्ट डीसी. त्यानंतर २० ओहमचा रेझिस्टर, आणि त्याच्या पलीकडे १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर थेट फटीच्या दोन्ही बाजूंना. कॅपॅसिटर रेझिस्टरमधून भरतो आणि फटीत रिकामा होतो. एका ठिणगीत सुमारे ०.०२५ ज्यूल ऊर्जा. रेझिस्टर आणि कॅपॅसिटरचा गुणाकार २०० मायक्रोसेकंद येतो, म्हणजे सगळं सुरळीत असताना सेकंदाला दीड-दोन हजार ठिणग्या.

रेझिस्टरच्या वॅटेजमध्ये पुष्कळ जण फसतात. काम चालू असताना त्याच्यावर भार मध्यम असतो, पण दांडी चिकटली की पूर्ण ७० व्होल्ट त्याच्यावर येतात: साडेतीन अँपिअर, जवळजवळ २४५ वॅट. मी २०० ओहमचे, ५० वॅटचे दहा रेझिस्टर पॅरलल जोडले आहेत. शॉर्ट झाला तरी प्रत्येकाच्या वाट्याला २५ वॅटच येतात. बल्ब वापरता येतात, आणि शॉर्ट झाल्यावर ते भगभगतात हा फायदाही आहे. पण तार थंड असताना त्यांचा रोध गरम तारेच्या तुलनेत कितीतरी कमी असतो, त्यामुळे सर्किट दर क्षणी वेगळं वागतं. शिकताना बदलणाऱ्या गोष्टी जितक्या कमी, तितकं बरं.

कॅपॅसिटर फिल्मचाच घ्या. मोटरचे रन कॅपॅसिटर उत्तम चालतात. स्टार्ट कॅपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असतात, ते या वारंवार रिकामं होण्याने तापतात आणि फुटू शकतात. कॅपॅसिटरपासून दांडी आणि जॉबपर्यंतच्या तारा वीतभर, जाड आणि एकमेकींना पिळलेल्या ठेवा. लांब तारांमुळे ठिणगीचा करंट उलटसुलट हेलकावतो आणि दांडी उगाच झिजते. जोडणीची दिशाही महत्त्वाची: या सर्किटमध्ये जॉब पॉझिटिव्ह, दांडी निगेटिव्ह. उलट जोडलंत तर टॅप तसाच राहील आणि दांडी संपेल. औद्योगिक मशीनवाले नेमकं याच्या उलट सांगतील, कारण त्यांचे पल्स लांब असतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता ड्रिल मशीन. दांडी हाताने खाली-वर करून हे जमणार नाही. दोन-पाच शतांशाची फट हाताने सांभाळता येत नाही. दांडी टेकते, शॉर्ट होतो, तुम्ही वर ओढता, ठिणगी बंद. सगळ्यात सोपी आणि माझ्याकडे अजून चालणारी युक्ती म्हणजे विद्युतचुंबकाची कॉइल. दांडीचा होल्डर दोन पातळ स्प्रिंग-पात्यांवर टांगायचा, वर कॉइल बसवायची आणि ती रेझिस्टर व कॅपॅसिटर यांच्या मधे जोडायची. दांडी टेकली की साडेतीन अँपिअर कॉइलमधून वाहतो, होल्डर वर उचलला जातो, शॉर्ट सुटतो, करंट कमी होतो, दांडी परत खाली येते. सेकंदात अनेकदा हे आपोआप होत राहतं. तुम्ही फक्त ड्रिलचा स्पिंडल हळूहळू खाली देत राहायचं. कॉइलला उलटा डायोड लावा. आणि कॉइल कॅपॅसिटर व फटीच्या मधे कधीही घालू नका, ठिणगीचा जोरच मरतो. पुढे हौस असेल तर फटीवरचा सरासरी दाब मोजून स्टेपर मोटर चालवता येते. पण एका टॅपसाठी त्याची गरज नाही.

फटीवर काट्याचा व्होल्टमीटर लावा. डिजिटल मीटरचे आकडे नाचत राहतात, त्यातून काही कळत नाही. काटा ७० वर स्थिर म्हणजे दांडी अजून लांब आहे. शून्यावर म्हणजे चिकटली. ३० ते ४५ च्या दरम्यान थरथरतो आहे म्हणजे काम होतं आहे. आणि २० च्या जवळ येऊन अगदी शांत झाला तर लगेच दांडी उचला: तिथे सुट्या ठिणग्या थांबून एकाच जागी सलग आर्क पेटला आहे, जॉबला खड्डा पाडेल. आवाजावरूनही कळतं. चांगलं काम चालू असताना वाळक्या पाचोळ्यावर बारीक पाऊस पडावा तशी सारखी तडतड ऐकू येते. आवाज जाड, अडखळता झाला की काहीतरी अडलं आहे.

आणि अडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: गाळ. उडालेले थेंब गोठून बारीक काळी भुकटी होते. ती फटीतून निघाली नाही तर ठिणग्या टॅपऐवजी भुकटीवर पडत राहतात. मीटर हलतो, आवाज येतो, दांडी झिजते आणि खोली वाढत नाही. सुरुवातीला मी अशा वेळी कॅपॅसिटर वाढवत गेलो. १० चा ५० मायक्रोफॅरड केला. ठिणगी मोठी झाली, थेंब मोठे झाले, गाळ आणखी वाढला, आणि मोठा कणखर कण दांडी व भिंतीच्या मधे अडकून आट्यांवर ठिणग्या पडल्या. त्या जॉबचे दोन आटे गेले. तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर हेच: ५० वॅटच्या आसपास सरासरी पॉवर या कामाला पुरते, आणि जास्तीची मेहनत धुलाईवर घाला.

धुलाईसाठी दांडी पोकळ घ्या. ३ मिलिमीटर बाहेरचा व्यास, १ मिलिमीटरचं छिद्र. द्रव त्या छिद्रातून खाली जातो आणि गाळ घेऊन फ्लूटमधून वर येतो. फ्लूट इथे आयती गटारं आहेत. इंधनासाठीच बनवलेला १२ व्होल्टचा पंप, कमी दाब, पुढे बारीक फिल्टर. दर दोन-तीन मिनिटांनी दांडी पाच-सहा मिलिमीटर वर उचलून खाली घ्या, त्या पंपिंगने तळाचा गाळ निघतो. बंद भोकात हे न चुकता करा, कारण टॅपखाली जुना कीसही साठलेला असतो.

पोकळ दांडीची एक अडचण सांगून ठेवतो. छिद्राखाली बारीक खुंटी न जळता उभी राहते. तळाशी पोचल्यावर ती सुटते, आडवी होते आणि कितीही उचललं तरी शॉर्ट जात नाही. तेव्हा घाबरून पॉवर वाढवू नका. दांडी काढा, खुंटी चुंबकाने उचला, किंवा शेवटच्या टप्प्यात भरीव दांडी लावा. दांडी सावकाश फिरवायची सोय असेल आणि छिद्र किंचित केंद्राबाहेर असेल तर खुंटी उरतच नाही.

दांडीचा धातू: तांबं. माझ्या यंत्रावर टॅपमध्ये तीन मिलिमीटर गेलं की तांब्याची दांडी साधारण एक मिलिमीटर झिजते. पितळेची जवळजवळ बरोबरीने. पितळ कापायला सोपं आणि नळी सहज मिळते, म्हणून वाईट नाही, फक्त लांब घ्या. दोन्हीत टोक गोल होत जातं, ते मधून मधून कापून सपाट करा. आणि लक्षात असू द्या, स्पिंडल किती खाली आला हे भोकाची खोली सांगत नाही, त्यात दांडीची झीजही मिसळलेली असते. खोली मोजायची तर सगळं बंद करून तार टाकून मोजा.

केंद्र पकडायला तुमच्याकडे एक सोय आहे. वरचे ३ मिलिमीटर आटे मोकळे आहेत. चकमध्ये ५ मिलिमीटरला जरा कमी, आट्यांत हलकेच बसणारी दांडी धरा, ती भोकात सहज उतरेल असा जॉब सरकवा आणि मग घट्ट आवळा. नंतर टेबल न हलवता इलेक्ट्रोड लावा. होल्डर आणि स्पिंडल यांच्या मधे बॅकेलाइटचा तुकडा घाला, नाहीतर सगळं ड्रिल मशीन सर्किटचा भाग होईल. टॅपचं तोंड वेडंवाकडं तुटलं असलं तरी हरकत नाही. ड्रिल अशा तोंडावरून घसरतं, ठिणगीत रेटा नसल्यामुळे दांडी घसरत नाही, ती आधी सर्वांत उंच टोक खाते. हाउसिंगमध्ये बेअरिंग असतील तर ती आधी काढा. जॉबची पॉझिटिव्ह तार भोकाच्या जवळ, घासून स्वच्छ केलेल्या जागी लावा.

द्रवाबद्दल गंभीरपणे लिहितो. बरेच जण रॉकेल वापरतात, मीही वापरलं आहे. ते चांगलं काम करतं, पण ३८-४० अंशांपासून पुढे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते, आणि आपण ठिणगीचंच काम करतो आहोत. आता मी १०० अंशांच्या वरचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेटू शकते ते तापमान) असलेलं ईडीएमचं तेलच वापरतो. कुठलंही तेल असो, ठिणगीची जागा पृष्ठभागाच्या किमान ५० मिलिमीटर खाली हवी. तेल कमी झालं की वीज तोडणारा फ्लोट स्विच लावा. धातूची टाकी, शेजारी तिच्यावर बसणारं झाकण आणि पावडरचं अग्निशामक. पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही. तेल फुटून ज्वलनशील वायू निघतात, म्हणून खोली हवेशीर ठेवा. आणि यंत्र चालू असताना उठून जायचं नाही, दोन मिनिटंही नाही. जॉब टाकीत मावत नसेल तर भोकाभोवती मातीचा बांध घालून तेलाचं उथळ तळं करू नका. तिथे डिस्टिल्ड पाण्याचा वाहता झोत वापरा. काम हळू होईल, पाणी गढूळ होऊन वाहक होईल तसं बदलावं लागेल आणि बीड लगेच गंजेल, पण आग लागणार नाही.

विजेचं म्हणाल तर ७० व्होल्ट डीसी ओल्या हाताला जीवघेणे ठरू शकतात. घरातला गळती-करंट तोडणारा स्विच अलग केलेल्या सेकंडरीवर तुमचं रक्षण करत नाही. कॅपॅसिटरला कायमचा १० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर जोडून ठेवा, आणि फिल्टर कॅपॅसिटरला वेगळा. मीटर शून्य दाखवेपर्यंत दांडीला हात नाही.

वेळेचा अंदाज: माझं यंत्र मिनिटाला एक ते दोन घन मिलिमीटर काढतं. तुमचे ९० घन मिलिमीटर म्हणजे पाऊण ते दीड तास, दांडी बदलणं आणि सफाई धरून दोन-अडीच तास हाताशी ठेवा.

गाभा गेला की पट्ट्या बहुधा सैल होतात. टोकदार सुईने त्यांना भोकाच्या मध्याकडे ढकला, ठोकू नका, आणि चुंबकाने वर घ्या. किती पट्ट्या निघाल्या ते मोजा आणि तुकडे कागदावर शेजारी शेजारी मांडून ११ मिलिमीटर लांबी भरते का पाहा. हे मी सक्तीने करतो. एकदा मिलिमीटरभराचा दाता आट्यात राहिला होता, मी घाईत नवा टॅप घातला आणि तोही त्याच भोकात तुटला. आता उजेड टाकून भिंगातून पाहिल्याशिवाय आणि सुई तळापर्यंत सगळ्या बाजूंनी फिरवल्याशिवाय मी टॅप हातात घेत नाही. ठिणगी जिथे भिंतीला लागली असेल तिथे काचेसारखा कडक थर तयार होतो. सुई तिथे खरखरते. तसं वाटलं तर जुना टॅप हाताने, तेल घालून, पाव फेरा पुढे आणि अर्धा मागे असा चालवा, नवा वाया घालवू नका.

आधी भंगारातल्या बिडाच्या तुकड्यात मुद्दाम एक जुना टॅप तोडून त्यावर सराव करा. मीटरचा काटा कुठे थरथरतो, दहा मिनिटांत किती खोली मिळाली आणि दांडी किती झिजली, हे तीन आकडे मला कळवा. धुलाई वाढवायची, कॅपॅसिटर बदलायचा की स्प्रिंगचा ताण कमी करायचा, ते त्यावरून सांगता येईल. तोवर मूळ हाउसिंगच्या भोकात थोडं तेल सोडून वर चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे तुकडा आत गंजून आणखी घट्ट बसणार नाही.